आमची हायबॉनेट

वार्षिकांकासाठी साहित्य मागविणारी सूचना फलकावर लागली आणि वर्गातल्या मैत्रिणींनी विषय भराभर वाटून घेतले. कुणी पाऊस घेतला, कुणी आई घेतली, एकीने तर ‘मोबाईल : शाप की वरदान?’ हा सर्वांच्या डोळ्यांवर असलेला विषय आधीच पटकावला. मी मात्र गप्प होते. दिवाळीच्या सुट्टीत मी एक पुस्तक वाचले नव्हते की कुठला प्रवास केला नव्हता. सगळी सुट्टी मी बाबांबरोबर एका जुन्या जीपखाली उताणी पडून घालवली होती. मराठीच्या सरांना हे भीतभीतच सांगितले, तर ते हसून म्हणाले, “मग तेच लिहा की!” तेव्हा वाचकहो, कला शाखेची मुलगी इंजिनावर लिहीत आहे; चुकेल तिथे पोटात घाला.

आमचे गाव आष्टीहून आलापल्लीला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, जंगलाच्या कडेला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातलेच. त्या सुमारास बाबा चंद्रपूरच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून राबत होते. पुढे गावी येऊन त्यांनी रस्त्याच्या कडेला स्वतःचे गॅरेज टाकले. गॅरेज म्हणजे काय, तर चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे आणि शेजारी एक मोहाचे झाड! आलापल्लीकडचे सागवान बल्लारशाच्या आगाराकडे नेणारे ट्रक जंगलात कुठे बसले, की ड्रायव्हर बाबांना शोधत येत. त्या कामासाठी बाबांनी १९९१ साली एका सरकारी कार्यालयाच्या लिलावात महिंद्राची एक जुनी पेट्रोल जीप घेतली. तिचे मॉडेल सी.जे. ३ बी, मिस्त्री लोक तिला ‘हायबॉनेट’ म्हणतात. चेहरा उंच, कपाळ मोठे, आणि दोन डोळ्यांच्या मधोमध उभ्या फटी. लहानपणी मला ती आमच्या आजीच्या फोटोसारखी दिसायची. आजीचा फोटोच मी पाहिला आहे, आजी पाहिली नाही.

मला आठवते तेव्हापासून ही जीप डिझेलवर चालते. १९९६ मध्ये बाबांनी तिचे पेट्रोल इंजिन उतरवले आणि अपघातात मोडलेल्या एका एम.एम. ५४० जीपचे डिझेल इंजिन आणून तिच्यात बसवले. का, असे कुणी विचारले की बाबांचे उत्तर ठरलेले असे, “पेट्रोल परवडेना.” आणि ते सर्वांना पटेही. पेट्रोलची जीप आमच्या जंगलातल्या चढउतारांवर तेल कसे पिते हे इकडच्या कुणाला सांगायला नको. उतरवलेले इंजिन मात्र बाबांनी विकले नाही. प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये तेल ओतून, पोत्यांत गुंडाळून त्यांनी ते गोठ्याच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर ठेवले. दरवर्षी खंडेनवमीला पाने, हातोडे, जॅक यांची पूजा झाली की बाबा गोठ्यात जात, त्या इंजिनालाही हळदकुंकू वाहत आणि हॅण्डल लावून दोन फेरे फिरवत. जाम होऊ नये म्हणून, असे ते म्हणत. आई म्हणायची, “चालत नाही त्याची एवढी सेवा, अन् चालते तिला लाथा!”

डिझेलच्या जीपवर आमच्या घराचे एक ऋण आहे, ते म्हणजे मी स्वतः. २००४ च्या श्रावणात, झडीच्या रात्री, आईला कळा सुरू झाल्या. गाव आणि मोठा रस्ता यांच्यामध्ये एक नाला आहे. त्यावर तेव्हा पूल नव्हता. पाणी पंख्यापर्यंत आलेले असताना बाबांनी जीप नाल्यात घातली आणि पलीकडे काढली. पहाटे तालुक्याच्या दवाखान्यात माझा जन्म झाला. गावातल्या बाया अजूनही मला पाहून म्हणतात, “ही पोरगी जीपनं आणली.”

मग असे इंजिन काढायचे कशाला? त्याचे कारण कागद. १९९६ मध्ये इंजिन बदलले तेव्हा बाबांनी परिवहन कार्यालयाची मंजुरी घेतली नव्हती. “उद्या करू, उद्या करू” म्हणता म्हणता राहून गेले, हे ते स्वतःच कबूल करतात. जीप फिरायची ती बहुतेक जंगलातल्या कच्च्या वाटांवरच. पुस्तकाची मुदत कधी संपली याकडेही कुणाचे लक्ष नव्हते. आता मात्र बाबांना ती सरळ मार्गाने रस्त्यावर आणायची होती. “मी असेपर्यंत तिचं पुस्तक नीट करून ठेवतो,” हे त्यांचे या वर्षीचे पालुपद होते. चौकशीला मी त्यांच्याबरोबर गेले. पुस्तकात इंधन पेट्रोल, इंजिनाचा नंबर जुना. बॉनेटखाली डिझेल, नंबर निराळा! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की निर्मात्याने दिलेल्या आणि पुस्तकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. सूट आहे ती मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलण्यासारख्या, नियमांनी बांधलेल्या बदलांना. मोहाच्या झाडाखाली साखळी टांगून केलेल्या बदलाला ती कशी मिळणार?

घरी येताना बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “जुनं इंजिन आहे ना गोठ्यात. तेच बसवू. पन माहे हात आता थरथरतात. तू धरशील का पाने?”

आजवर बाबांनी मला पान्याला हात लावू दिला नव्हता. दादाला शिकवले, तो पुण्याला कारखान्यात लागला. मला म्हणायचे, “तू पुस्तकं धर.” आता ते पाना धरायला सांगत होते. मला कोण आनंद झाला!

वसुबारसेच्या दिवशी आम्ही जीप उघडायला घेतली. आधी बॉनेट, मग मडगार्ड, मग रेडिएटर. डॅशबोर्डच्या तारांना मी कापडाच्या चिंध्यांचे रंगीत गोंडे बांधले, म्हणजे कोणती कुठली ते कळावे. मग गावातली सहा पोरे बोलावून बॉडीचा पत्रा अलगद उचलला आणि मोहाखाली ठेवला. उरली फक्त चेसिस : दोन लांब पोलादी पट्ट्या, चार चाके, पाटे आणि मधोमध ते काळे डिझेल इंजिन. आपण जिला जीप म्हणतो तिचा इतका थोडा भाग खरा कामाचा असतो, हे पाहून मी थक्क झाले.

इंजिन उचलण्यासाठी तीन बल्ल्यांची तिकाटी उभी करून तिला साखळीची पुली टांगली. बाबा खाटेवर बसून सांगत होते आणि मी करत होते. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मी बारा नंबरचा पाना देऊ लागले, तर बाबा म्हणाले, “चेसिसचा नट आहे तो, सुताचा पाना घे.” सूत म्हणजे धागा, एवढेच मला ठाऊक! मग कळले, की एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; चार सूत म्हणजे अर्धा इंच. जीप जन्माने अमेरिकन, म्हणून तिचे नटबोल्ट इंची. डिझेल इंजिन मात्र मूळचे फ्रेंच. प्युजो कंपनीचे हे ‘एक्स.डी.पी. ४.९०’ इंजिन महिंद्राने आपल्या गाड्यांसाठी घेतले. नावातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९० मिलिमीटर. त्याचे नटबोल्ट सारे मिलिमीटरचे. एका गाडीत दोन मापे नांदत होती आणि बाबांच्या पेटीत म्हणून पान्यांचे दोन संसार होते.

इंजिन बदलणे म्हणजे एक काढून दुसरे ठेवणे, असा माझा समज होता. तो चार दिवसांत पार उतरला. डिझेल इंजिन वजनाला भारी, म्हणून बाबांनी त्या वेळी पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवले होते. त्याचे फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरावर टेकते ती जागा, जुन्याशी जुळेना. म्हणून चेसिसवर नव्या जागी ब्रॅकेट वेल्ड केले होते. डिझेलबरोबर त्याचाच चार गिअरचा गिअरबॉक्स आला, त्यामुळे मागची सारी रचना सरकली. एक प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागला आणि दुसरा वाढवावा लागला. आता आम्हाला ही सारी वाट उलट चालायची होती. कापलेला शाफ्ट काही आपोआप वाढत नाही. दोन्ही शाफ्ट घेऊन मी एकटी एस.टी.ने चंद्रपूरला गेले आणि लेथवाल्याकडून करून आणले. कंडक्टरने तिकीट देताना विचारले, “ताई, हे काय आहे?” मी ऐटीत सांगितले, “आमच्या जीपचे पाय आहेत.”

दोन इंजिनांतला खरा भेद बाबांनी मला एका संध्याकाळी समजावला. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सुमारे सातपट दाबले जाते आणि मग प्लगची ठिणगी ते पेटवते. ती ठिणगी वेळेवर, नेमक्या सिलिंडरला पोचविण्याचे काम डिस्ट्रिब्यूटर नावाची एक डबी करते. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तिथे नुसती हवा वीसपटीहूनही जास्त दाबतात. ती इतकी तापते, की पंपाने नोजलमधून उडवलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून तर डिझेल इंजिन किल्ली काढून बंद होत नाही. दोरी ओढून त्याचे तेल तोडावे लागते. “याले विजेचं भेव नाही,” बाबा म्हणाले, “हवा घ्यायचं नाक पान्यावर असलं, का हे चालत राह्यते.” हे बोलून ते एकदम थांबले आणि चहा मागू लागले.

रात्री मी मोबाईलवर जीपचा इतिहास वाचत बसे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बांधल्या. त्यांचे बॉनेट ठेंगणे होते, कारण आतले साठ अश्वशक्तीचे इंजिन ठेंगणे होते. पुढे ‘हरिकेन’ नावाचे जास्त ताकदीचे इंजिन आले. त्याचे हवा घेणारे व्हॉल्व्ह वर, डोक्यात बसवलेले होते, त्यामुळे त्याची उंची वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग १९५३ साली कंपनीने काय केले, तर इंजिन मावावे म्हणून बॉनेटच उचलले! तीच ही सी.जे. ३ बी. महिंद्राने भारतात तिचीच परंपरा पुढे वर्षानुवर्षे चालवली. म्हणजे जो उंच कपाळाचा चेहरा पाहून आपण ‘ही अस्सल जीप’ म्हणतो, तो मुळात एका इंजिनबदलीचाच परिणाम आहे.

सकाळी मी हे बाबांना सांगितले. ते दाढी करता करता थांबले. “म्हंजे कंपनीनंही तेच केलं व्हय!” आणि साबणाच्या फेसातून कितीतरी वेळ हसत राहिले.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पोत्यांतून काढलेले पेट्रोल इंजिन आम्ही अंगणात आणले. खंडेनवमीच्या फेऱ्यांचे पुण्य असे, की ते जाम झाले नव्हते. व्हॉल्व्ह घासले, गॅस्केटे नवी टाकली, कार्ब्युरेटर धुतला, पाण्याच्या नळ्या बदलल्या. ठिणगीचा क्रम बाबांनी सांगितला : एक, तीन, चार, दोन. वृत्तांचे गण पाठ करावेत तशी मी तो घोकत होते आणि तारा लावत होते. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण तेवढे बाबांच्या हातात राहिले होते. मी मागितले, पण त्यांनी दिले नाही. त्यांचा अंगठा त्या झाकणावरून फिरत होता.

“तुह्या आजीले साप चावला होता, तुले माहीत आहे,” ते म्हणाले.

मला माहीत होते. १९९५ च्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, बांधीत रोवणी करताना आजीला साप चावला आणि ती गेली, एवढे घरात सर्वांना माहीत आहे.

“जीपमंदी टाकून नेत होतो. नाल्यात गाडी बंद पडली. पंख्यानं पानी उडवलं, ते यावर आलं, ठिणगी गेली. पुसलं, धोतरानं पुसलं, हॅण्डल मारलं… नाही चालू झाली. चौघांनी खाटेवर घेतलं. दवाखान्यात पोचेपर्यंत…”

मी काहीच बोलले नाही.

“पान्यात गाडी घालायच्या आधी पंख्याचा पट्टा सैल करून काढून ठेवायचा. मंग पंखा फिरत नाही, पानी उडत नाही. एक नट आहे, चार सुताचा. मी साऱ्या ड्रायव्हरायले हे शिकवत होतो, पोरी. त्या दिवशी मलेच सुचलं नाही.”

“मग तुम्ही सगळ्यांना पेट्रोल परवडत नाही असं का सांगितलं?”

“पेट्रोल महाग झालं म्हनलं, का कोनी पुढं इचारत नाही.”

झाकण माझ्या हातात देऊन बाबा उठले आणि मोहाखाली जाऊन उभे राहिले. मी तारा लावत राहिले. एक, तीन, चार, दोन. अक्षरे पुसट दिसत होती, पण क्रम चुकला नाही.

तेव्हा मला कळले, की १९९६ साली बाबांनी इंजिन बदलले ते पैशासाठी नव्हे. आपल्यासारखा माणूसही ऐनवेळी विसरतो हे त्यांनी एकदा पाहिले, आणि मग ज्यात विसरायला जागाच नाही असे इंजिन शोधून आणले. त्याच इंजिनाने नऊ वर्षांनी, त्याच नाल्यातून, मला आणले. पुस्तकात त्यातले काहीच नाही. पुस्तकात जे इंजिन आहे त्याने आमची आजी अर्ध्या वाटेत सोडली. ज्याने मला पोचवले त्याची कुठेच नोंद नाही.

मला राहवेना. मी म्हणाले, “बाबा, नको बसवू हे. राहू द्या पुस्तक तसंच.”

बाबा शांतपणे म्हणाले, “नाल्यावर आता पूल झाला. फोन केला का १०८ येते. डिझेलचं काम संपलं. अन् पुस्तकात खोटं ठेवून तुह्या हाती जीप देत नाही मी.”

बाबांचे म्हणणे खरे होते. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली आणि आमच्या गावच्या कितीतरी बाया तिच्यातून दवाखान्यात पोचल्या. तरी सगळीकडेच असे झाले आहे, असे मी म्हणणार नाही. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वाचतच आम्ही लहानाचे मोठे झालो. खाटेवरून माणूस नेण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांना मूळ इंजिन कोणते आणि बदलीचे कोणते हा प्रश्न पडत नाही. पलीकडे पोचवील ते खरे.

सुट्टी संपायला दोन दिवस उरले असताना सकाळी आम्ही इंजिन सुरू करून पाहिले. बॉडी अजून चढवायची होती. नुसत्या चेसिसवर एक लाकडी पेटी ठेवून मी बसले होते. पेट्रोलचा डबा वर टांगला होता. बाबांनी पुढून हॅण्डल धरले. मी नको म्हणत होते, पण ते ऐकेनात. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन खाकरले, कार्ब्युरेटरमधून एक फटाका उडाला, आणि मग ते चालू लागले. डिझेलच्या खडखडाटाची सवय झालेल्या माझ्या कानांना तो आवाज फारच हलका वाटला, जणू कुणी जात्यावर दळत आहे. गावातली पोरे टाळ्या वाजवत होती. आई दारात उभी होती. बाबा हॅण्डल हातात धरून, मान वाकडी करून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की दुसरे काही, ते मला सांगता येत नाही. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांनी त्यांनी तो आवाज ऐकला होता.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी बॉनेट उघडले, इंजिनावरचा नंबर कापडाने पुसून घेतला आणि एकेक आकडा पुस्तकाशी ताडून पाहिला. “जुळतो,” ते म्हणाले. एवढा एकच शब्द. बाबांनी मान डोलावली.

डिझेल इंजिन आता गोठ्याच्या त्याच कोपऱ्यात, त्याच ठोकळ्यांवर आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. या खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहून दोन फेरे फिरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

आणि जीप मी चालवायला शिकले आहे. नाल्यावर पूल आहे, पक्का, सिमेंटचा. पाण्यात गाडी घालण्याचा प्रसंग बहुधा माझ्यावर कधी येणार नाही. तरीही चार सुताचा एक पाना मी ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवला आहे, हात घालताच सापडेल असा. बाबांना तो दिसला असावा. त्यांनी काही विचारले नाही, आणि काढूनही ठेवला नाही.